मालधक्क्यावरचं बाकडं

१४ नोव्हेंबर

शाळेत होते तेव्हा ओरडायला वर्गच्या वर्ग होते. हेडबाई म्हणून रिटायर झाले आणि घरात उरलं कोण, तर एक नवरा आणि ही वही. नवरा आजारी आहे, त्याच्यावर ओरडवत नाही. तर वही, ऐक.

आज गार्डसाहेबांना नौपाड्याला फिजिओकडे घेऊन गेले. गार्डसाहेब म्हणजे माझा नवरा महेंद्र. कल्याणहून मालगाडीचे गार्ड म्हणून रिटायर झाले. आता त्या पोस्टला ट्रेन मॅनेजर म्हणतात म्हणे. म्हणोत बापडे. जूनमध्ये त्यांना स्ट्रोक आला, डावी बाजू गेली. हात बऱ्यापैकी परत आला, जीभ मधूनमधून अडखळते, पाय अजून रुसलाय. फिजिओ ऋतिका चुणचुणीत पोरगी आहे. म्हणाली, "काका, हॉल ते किचन, किचन ते हॉल, असं किती दिवस चालणार? बाहेर पडा. आत्ता नाही चाललात तर पुढे मीपण काही करू शकणार नाही."

गार्डसाहेब पंख्याकडे बघत बसले.

रिक्षात म्हणाले, "लोक बघतात."

"बघू देत. बघायलाच डोळे दिलेत त्यांना."

"मला जरा चाललं की टेकायला लागतं, शालन. कुठे टेकू? गटारावर?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी रिक्षावाल्यावर खेकसले की मीटर पळतोय. तो बिचारा सरळ माणूस होता.

१५ नोव्हेंबर

उत्तर सापडलं. आमच्या किचनच्या खिडकीतूनच दिसतं ते, आणि मी रोज तिथे उभी राहून चहा गाळते. डोकं म्हणून नाही मला.

कळव्याच्या या टोकाला, आमच्या बिल्डिंगच्या मागून मिठाची जुनी साइडिंग जाते. खारवली गावाच्या मिठागरातून मिठाचे डबे या वाटेने मेन लाइनला यायचे. रूळ कधीच उचलले. गेल्या वर्षी महापालिकेने खडी सपाट करून पेव्हर ब्लॉक टाकले आणि 'वारसा पथ' असं नाव देऊन पुढचं विसरून गेली. पण वाट बघा कशी आहे! चढ नाही, उतार नाही, खड्डा नाही. मालगाडीला चढ झेपत नाही म्हणून सगळी सपाट, आमच्या गेटपासून गावाच्या कडेने थेट खाडीपर्यंत. गार्डसाहेबांच्या पायाला याहून चांगली वाट अख्ख्या ठाण्यात मिळायची नाही. फक्त बुड टेकायला एक जागा नाही.

बाकडी बसवून घेईन तर नावाची शालन.

१८ नोव्हेंबर

वॉर्ड ऑफिसला गेले. देवेश म्हणून ज्युनियर इंजिनियर आहे, त्याच्या गळ्यात ही योजना पडलीय. मला बघून उठूनच उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, मी तुमच्या शाळेत नव्हतो हां." मी म्हटलं, "ते दिसतंय. बस."

त्याचं म्हणणं, बाकडी आणि माहितीच्या पाट्या दोन्ही मंजूर आहेत, पण पाट्यांवर काय लिहायचं ते कुणी देत नाही म्हणून फाइल अडकलीय. "कंटेंट नाहीये ना मॅडम."

"कंटेंट मी देते. फुकट. पण बाकडी कुठे बसवायची ते मी सांगणार."

त्याने इतक्या पटकन मान डोलावली की मला वाटलं, अजून काहीतरी मागायला हवं होतं.

घरी आल्यावर गार्डसाहेबांना नुसतं एवढंच सांगितलं की वारशाचं काम घेतलंय. तुमच्यासाठी करतेय म्हटलं असतं तर हटून बसले असते.

२३ नोव्हेंबर

देवेशला घेऊन सगळी वाट पायाखाली घातली. पहिलं बाकडं गेटजवळ, दुसरं पंपहाउसपाशी, शेवटचं खाडीवर. अडचण मधल्या पट्ट्याची. गावाच्या कडेला सावली नाहीच कुठे, एक करंजाचं झाड सोडून. मोठं, जुनं झाड आहे. आणि त्याखाली काय सापडलं? दगडी ओटा! गुडघाभर उंच, लांबट, वरून सपाट, चुन्यात बांधलेला, अगदी वाटेला लागून. मी बघताक्षणी म्हटलं, देवेश, हा मालधक्का. मिठाच्या गोण्या इथे उतरवून ठेवायचे आणि इथून डब्यात चढवायचे. तो म्हणाला, "वाव मॅडम, हे तर कुठेच रेकॉर्डला नाही."

रेकॉर्डला नसणारच. बघायला नजर लागते.

ओट्यावर वाळका झेंडू होता, फटींत गुलाल. गणपतीत कुणीतरी मिरवणूक थांबवून इथेच आरती उरकलेली दिसते. आपल्याकडे मोकळी जागा दिसली की संपलं. देवेशला सांगितलं, साफ करून घे आणि बाकडं धक्क्याच्या वरच बसव. पाय टेकायला खाली एक पायरी कर. गार्डसाहेब तिथपर्यंत आले की बसतील, दम खातील, मग खाडी काही लांब नाही.

रात्रीच्या जेवणाआधी पाटी लिहून टाकली. "मालधक्का. येथे मिठागरातील कष्टकरी आपले ओझे उतरवीत." एकदम झकास जमलंय.

६ डिसेंबर

दरवर्षी आजच्या दिवशी दादरला चैत्यभूमीवर जातो. यंदा गार्डसाहेबांना त्या रांगेत कसं नेणार? घरीच मेणबत्ती लावून वंदना घेतली. ते म्हणाले, "तू तरी जायचंस." मी म्हटलं, पुढच्या वर्षी दोघं जाऊ. तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी उठून भांडी आवरायला लागले.

दुपारी कॉन्ट्रॅक्टरची माणसं आली. पांढऱ्या साडीतच खाली गेले. धक्क्याच्या दगडात ड्रिल मारून त्यांनी बाकड्याचे बोल्ट पक्के केले. गावातले चार-पाच बाप्ये झाडाखाली येऊन उभे राहिले. एक जण पुढे होऊन काही बोलणार होता, पण एका काठीवाल्या म्हाताऱ्याने त्याच्या दंडाला धरलं, माझ्याकडे बघितलं आणि सगळ्यांना घेऊन गेला. शिस्त बघा. चालू कामात लुडबुड नाही. आमच्या सोसायटीतल्या लोकांनी शिकण्यासारखं आहे.

९ डिसेंबर

उतरले! लिफ्टमधून बाहेर पडताना तोंड एरंडेल प्यायल्यासारखं होतं, पण उतरले. पहिल्या बाकड्यापर्यंत गेले, बसले आणि मला म्हणाले, "म्हणजे हा वारसा मी आहे तर."

कळलं त्यांना. कळू दे. बसले ना?

१७ डिसेंबर

आज मालधक्क्यापर्यंत! मला रडू येत होतं, म्हणून मी त्यांना मफलर नीट का गुंडाळला नाही यावरून बोलून घेतलं.

तिथे तो काठीवाला म्हातारा भेटला. धाकू नाव. जन्म खारवलीत गेला, मिठागरात राबला. आता जमिनीचे पैसे आले, मुलगा मयूरने बंगला बांधला, पण म्हाताऱ्याच्या अंगावर तीच बंडी. गार्डसाहेबांची आणि त्याची लगेच गट्टी जमली. त्याने साइडिंगला येणारी इंजिनं बघितलेली आणि यांना इंजिनाबद्दल कुणी विचारलं की आजारपण आठवत नाही.

"बसा की धाकूबाबा," मी म्हटलं.

"नको बाय. मना उभाच बरा वाटतं."

मी त्याला पाटी वाचून दाखवली. त्याने काठीवर हनुवटी ठेवून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "ओझा उतरवायची जागा. ह्ये बाकी खरा हाय."

जुन्या माणसाने पावती दिली. अजून काय हवं!

२९ डिसेंबर

रोज जातोय. धक्क्यावर पोचलो की धाकू येतो आणि तासभर काठीवर रेलून उभा राहतो. पंचाहत्तरी पार केलेला माणूस. बाजूला अर्धं बाकडं मोकळं, पण बसत नाही. रोज म्हणते, रोज तेच उत्तर.

आज एक गोष्ट लक्षात आली. पंपहाउसच्या बाकड्यावर गावातल्या बायका बसतात, खाडीवरच्या बाकड्यावर पोरं मोबाइल घेऊन पडलेली असतात. करंजाखालच्या बाकड्यावर आमच्याशिवाय कुणी बसत नाही. कुणीच नाही. एक पोरगं चढलं होतं, त्याच्या आईने लांबूनच हाक मारली, "ए, उतर तिथशी!" आणि हाताला धरून नेलं. नेताना आमच्याकडे बघून ओशाळं हसली.

तसलं हसू माझ्या ओळखीचं आहे.

८ जानेवारी

आल्या आल्या वही ओढली. लिहिते.

संध्याकाळी फिरून आलो आणि यांची कानटोपी बाकड्यावरच राहिली. यांना गेटवर बसवून मी परत गेले. करंजाखाली धाकूची बायको सखुबाई उभी होती. हातात तांब्या. तोंडाने काहीतरी पुटपुटत बाकड्यावर पाणी ओतत होती. यांच्या बसायच्या जागेवर.

माझ्या डोक्यात घण बसला. "काय धुताय?"

ती केवढ्याने दचकली. "काय नाय, बाय."

"आमचा माणूस बसला म्हणून धुताय ना?"

"तसा नाय गो. तुमी घरी जावा."

"तसं नाही तर कसं? सांगा की!"

तिने पदर तोंडात धरला, डोळ्यांत पाणी, पण तोंड उघडलं नाही. मग मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण एकही शब्द मागे घेणार नाही. माझी पहिली नेमणूक याच गावातल्या शाळेत होती. पटनोंदणीला घरोघर फिरायचे. याच सखुबाईच्या सासूने मला ओटीवर चढू दिलं नव्हतं. उन्हात उभं करून, ओंजळ धरायला लावून वरून पाणी ओतलं होतं. मी बावीस वर्षांची होते, घशाला कोरड पडलेली, म्हणून मी प्यायले ते पाणी. त्याची चव अजून जात नाही. बंगले झाले, गाड्या झाल्या. तांब्या तोच.

१० जानेवारी

गार्डसाहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "धाकू तसा माणूस नाही."

"मग बसत का नाही?"

"मी विचारतो त्याला."

"अजिबात नाही! आपण कशाला विचारायचं? आता रोज जायचं आणि तिथेच बसायचं. ऊन कलेपर्यंत."

"शालन, तू मला फिरायला नेतेस की मोर्चाला?"

"दोन्हीला," म्हटलं.

गेलो आणि बसलो. धाकू आला नाही.

१५ जानेवारी

रोज बसतोय. धाकू नाही. सखुबाई तर दिसतच नाही. बघा, झोंबलं ना खरं ते! चोराच्या मनात चांदणं.

गार्डसाहेब गावाकडे बघत राहतात. चालणं मात्र सुधारलंय, धक्क्यापर्यंत पूर्वीएवढी धाप लागत नाही. पण खाडीकडे चला म्हटलं की, "आज नको." एकदा म्हणाले, "तो सांगणार होता खाडीवर डबे कुठे उभे राहायचे ते. त्याच्याबरोबर जाईन."

२१ जानेवारी

पंपहाउसच्या वॉचमनने सांगितलं, धाकू आजारी आहे, छातीत कफ झालाय. गार्डसाहेब म्हणाले, "बघून येऊ."

"त्या दारात मी पाऊल ठेवणार नाही."

"मी ठेवतो."

"जिने आहेत त्यांच्या बंगल्याला. तुम्हाला एकट्याला जमणार आहेत?"

बोलून गेले. गार्डसाहेबांनी आमटीत भाकरी कुस्करली आणि तशीच ठेवली. मी बरोबर आहे, तरी मला आज बरं वाटत नाही.

२४ जानेवारी

धाकू गेला.

आम्हाला माहीतच नव्हतं. नेहमीसारखे धक्क्यावर बसलो होतो. गावाकडून टाळांचा आवाज आला. मला वाटलं, भजन आहे कुणाकडे. मग वळणावरून मडकं धरलेला मयूर दिसला, त्याच्यामागे तिरडी आणि सगळा गाव. साइडिंगच्या वाटेने, सरळ आमच्याकडे.

आणि आमच्यासमोर येऊन थांबले. करंजाखाली. तिरडी खांद्यावर, आणि सगळे बाकड्याकडे बघतायत. टाळ थांबले. एकाने लाह्या आणि गुलाल उधळला, तो दगडाच्या फटींत पडला, आणि तेव्हा मला कळलं.

तो मालधक्का नाही. प्रेताला विसावा द्यायचा ओटा आहे. अर्ध्या वाटेवर तिरडी टेकवायची, खांदेकऱ्यांनी जागा बदलायच्या, तिरडी फिरवायची आणि मग पुढे स्मशानात. गावाने बांधलेला ओटा, त्याच्यावर मी लोखंडी बाकडं ठोकून घेतलं, शेजारी पाटी लावली आणि वर सव्वा महिना नवऱ्याला नेऊन बसवलं.

मला उठताच येईना. गार्डसाहेब उठले. काठी न घेता, बाकड्याच्या पाठीला धरून उठले आणि खाली उतरले.

"भुईवर टेकवा रं," मयूर म्हणाला. "बाबा बोलून गेलाय, भुईवर टेकवा."

टेकवली. बाकड्यासाठी केलेली पायरी पुढे, मागे पाटीचा खांब. तिरडी फिरवायला जागाच राहिली नाही. पुढचे मागे येऊ बघतायत, मागचे पुढे, एकाचा पाय अडखळला, तिरडी कलली आणि बायामाणसांसारखा एक बाप्या मोठ्याने रडला.

तेव्हा गार्डसाहेबांनी उजवा हात वर केला. "थांबा!" म्हणाले. स्ट्रोकपासून त्यांचा आवाज जिभेत अडकतो. आज अडकला नाही. "पुढचे तिथेच. मागचे दोघं माझ्याकडे. हळू. अजून. अजून. बस्स. आता फिरवा." हाताने इशारे करत, यार्डात डबा मागे घ्यावा तशी त्यांनी ती तिरडी पायरी आणि खांब यांच्यामधून फिरवून घेतली. कुठे घासली नाही. सगळा गाव त्या एका हाताकडे बघत होता.

खांदे बदलले, तिरडी उचलली, सगळे पुढे गेले. गार्डसाहेब म्हणाले, "मी जातोय."

"कुठे?"

"पोचवायला."

"अहो, स्मशान खाडीला आहे. तुम्हाला..."

"गार्ड शेवटीच असतो गाडीच्या," म्हणाले, आणि सगळ्यांच्या मागून चालायला लागले. मी काठी घेऊन मागे धावले. ती त्यांनी घेतली, पण माझा हात घेतला नाही. पोचले. परतताना मयूरने गाडीतून घरी आणून सोडलं. उतरताना यांच्या पाया पडला. माझ्याकडे त्याला बघवेना, आणि मला त्याच्याकडे.

२ फेब्रुवारी

आज गेले त्यांच्या घरी. गार्डसाहेब म्हणाले, येऊ का? म्हटलं, नको, हे माझं एकटीचं आहे.

सखुबाई ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. मी पायरीशी थांबले. ती म्हणाली, "वर ये गो बाय." वर गेले. काय बोलायचं ते रात्रभर घोकलं होतं, सगळं विसरले. म्हटलं, "सांगायचंत ना मला! एवढी बोलले मी, एका शब्दाने तरी सांगायचंत."

"कसा सांगू? दुखण्यातशी उठलेला मानूस रोज तिथं बसतो. त्याच्या बायकोला सांगू का, ही मयताची जागा हाय म्हनून? तुजा जीव उडाला असता. मी आपली पानी घालायची रोज. देवाला सांगायची, ह्यो चुकून बसलाय, ह्याला मोजू नको."

मी तिथेच खाली बसले.

मग तिने सांगितलं. बाकडं बसवलं त्या दिवशी मयूर कामगारांना हाकलणार होता. धाकूने धरलं त्याला. आमच्या गेटवरच्या वॉचमनने त्याला आधीच सांगितलं होतं, बाईंचा माणूस चालत नाही, त्याच्यासाठी चाललंय हे सगळं. म्हातारा घरी येऊन म्हणाला, त्या बाईचा माणूस पायावर उभा राहूदे, मग बघू. त्याच्या आधी कुणी गेला तर भुईवर टेकवा. "तवा कुनाला म्हायती," सखुबाई म्हणाली, "त्योच पयला जानार."

आणि आजारपणात रोज विचारायचा, गार्डबाबा आज कुठपर्यंत चालला?

मी तिथे ओटीवर बसून रडले. सगळ्यांसमोर, हेडबाई असून. सखुबाईने माझी पाठ थोपटली, जिचा नवरा गेला तिने.

निघताना ती म्हणाली, "पन तू बोललीस ते पन खोटा नव्हता. माज्या सासूनं तुना पानी वरशी ओतलेला. मी दारात उभी होती. नवी नवरी. बोलली नाय काय." आणि पाण्याचा तांब्या, पेला माझ्यासमोर ठेवला. "ह्ये तुज्या हातान् घे."

प्यायले. जुनं पुसलं गेलं असं नाही. ते वेगळं आणि हे वेगळं.

५ फेब्रुवारी

वॉर्ड ऑफिस. देवेशला सांगितलं, करंजाखालचं बाकडं काढ.

"मॅडम, प्लीज! तुम्हीच तर बसवायला लावलंत."

"म्हणूनच मी आलेय."

"काम क्लोज झालंय. फोटो अपलोड झालेत. आणि कारण काय लिहू?"

"लिही, की पाटीवरची माहिती चुकीची आहे आणि ती मी लिहिली. मालधक्का नाही तो. माझ्या नावानिशी लिही."

तो म्हणाला, असं कुणी लिहून देत नसतं. मी म्हटलं, कागद आण. लिहून दिलं, सही केली, हुद्द्यासकट. मग त्याच्या साहेबांकडे गेले. साहेब मीटिंगमध्ये होते. बसले. डबा नेला होता, तो खाल्ला. साहेब मीटिंगमधून परस्पर गेले.

१२ फेब्रुवारी

तिसरी फेरी. साहेब सापडले. म्हणाले, "ताई, एका बाकड्याचा एवढा इश्यू?" मी म्हटलं, "साहेब, तुमच्या घरातलं माणूस जाईल तेव्हा वाटेत आडवं बाकडं ठेवते मी." जरा जास्तच झालं. पण फाइल हलली.

अट अशी की बाकडं काढून टाकता येणार नाही, याच वाटेवर दुसरीकडे बसवायचं. ठीक आहे. पण सावली फक्त करंजाची. दुसरीकडे बसवलं तर गार्डसाहेब उन्हात. घरी येऊन सांगितलं. ते म्हणाले, "टोपी घालीन."

१९ फेब्रुवारी

गावाचं म्हणणं, पाटी मुळीच नको. मी नवा मजकूर नेला होता, विसाव्याच्या रिवाजाबद्दल, चांगला आदराने लिहिलेला. म्हटलं, नाहीतर माझ्यासारखी दुसरी कुणीतरी येऊन पुन्हा हाच घोळ घालेल. मयूर म्हणाला, "मॅडम, लोक फोटो काढत बसतील हो तिथे. आम्ही काय करायचं तेव्हा?"

या वेळी चिडले नाही. मजकूर फाडून टाकला. माझ्या हातचा वारसा एवढाच, की एक पाटी कमी.

४ मार्च

बाकडं निघालं. बोल्टची भोकं दगडात राहिली, ती मयूरने चुन्याने भरून घेतली. पांढरी दिसतात. दिसणारच, काय करणार!

नवी जागा सखुबाईने दाखवली. करंजाच्या पुढे, खाडीच्या बाजूला. म्हणाली, "आमचा म्हातारा इथं येऊन दमायचा." सावली नाही, पण खाडीचा वारा आहे. म्हणजे गार्डसाहेबांना आता पंपहाउसपासून इथपर्यंत न टेकता यायला हवं, करंजाखालून न थांबता. मी पिशवीत घडीचं स्टूल टाकलं. त्यांनी ते काढून दाराशी ठेवलं.

निघालो. करंजाखाली त्यांचा पाय ओढायला लागला. मी ओठ चावून धरला. ओट्याजवळ त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि चालत राहिले. पुढे बाकड्यावर सखुबाई बसलेली दिसत होती, बरोबर मध्ये, ऐसपैस. आम्हाला बघून एका कडेला सरकली आणि शेजारी हात आपटला.

"या गार्डबाबा! बसा."

मी त्यांच्या कोपराला हात लावला. त्यांनी तो अलगद बाजूला केला. घाम आला होता, डावा खांदा खाली आलेला, पण तोंडावर गाडी सुटतानाचा तो भाव होता, जो मी लग्न झाल्यापासून बघत आलेय.

"येताना बसतो," म्हणाले, आणि खाडीकडे गेले.

मी धावणारच होते. पदर खोचलासुद्धा. सखुबाई म्हणाली, "जाऊ दे ना गो त्याला."

मग मी बसले, तिच्या शेजारी.